खंड्याचा डोळा

आमच्या घरात जयवंतराव मारतात असं कोणी म्हणत नसे, त्यांचा हात सुटतो असं म्हणत. जणू हात वेगळा, माणूस वेगळा, आणि बिचाऱ्या माणसाचं हातापुढे काही चालत नाही. सासूबाई होत्या तोवर त्या म्हणत, मग धाकटे दीर सुभानराव म्हणू लागले. माझ्या गालावर बोटं उमटलेली दिसली की शेजारच्या कांचनबेन विचारायच्या, "शुं थयुं, कौशल्याबेन?" आणि मी पदर सारखा करत सांगायची, "कांई नहीं, यांचा जरा हात सुटला."

हे माझे यजमान. बडोद्यात खंडेराव मार्केटात भाजीचा घाऊक धंदा, कारेलीबागेत स्वतःचं घर, पादऱ्याहून रोज वांग्यांचा आणि दुध्यांचा टेम्पो येतो. पण ओळख करून देताना ते भाजीचं नाव काढत नाहीत. पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते, तिथून सुरुवात होते. त्या रिसाल्याचं एवढं वेड की टेम्पोत चढतानासुद्धा माणूस रिकिबीत पाय टाकल्याच्या थाटात चढतो. घोडा काही परवडला नाही, म्हणून कुत्रा आणला. कुलदैवत खंडोबा, आणि कुत्रा खंडोबाचा, म्हणून नाव खंड्या.

खंड्या बॉक्सर जातीचा. रुंद छाती, चपटं नाक, आणि चेहऱ्यावर कायम कोणीतरी रागावल्यासारखा भाव. जयवंतरावांचा त्याच्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. आधी त्याला कलेजी, मग स्वतःला जेवण. पण हाक मारल्यावर यायला उशीर झाला की त्याच्या बरगडीत लाथही तितक्याच मनापासून बसायची. लाथ खाऊन तो पुन्हा त्यांच्याच पायाशी येऊन बसायचा. मला त्याचा संताप यायचा, पण कोणाचा येतोय ते तेव्हा मला नीट कळत नव्हतं.

तो वर्षाचा झाला असेल, तेव्हा त्याचा उजवा डोळा सारखा गळायला लागला. उजेडात तो मिटून घ्यायचा, भिंतीला तोंड घासायचा. जवळून पाहिलं तर पापणीच्या आतल्या कडेला केसांची आणखी एक ओळ, आणि ते केस सरळ डोळ्याकडे वळलेले. जयवंतराव म्हणाले, "एवढ्यासाठी डॉक्टर कशाला? उपटून टाकू." माझा भुवयांचा चिमटा त्यांनी घेतला, खंड्याला फरशीवर आडवा पाडला, मानेवर गुडघा रोवला आणि एकेक केस ओढायला सुरुवात केली. कुत्रा ओरडतो तसा तो ओरडत नव्हता. शेजारी खिडक्या लागल्या. काही दिवसांनी केस पुन्हा आले, आधीपेक्षा राठ. मग दर रविवारी अंघोळीनंतर हा कार्यक्रम ठरला. चिमट्याचा डबा वाजला की खंड्या पलंगाखाली जायचा आणि जयवंतराव त्याला मागचे पाय धरून बाहेर ओढायचे.

एका दुपारी मी कोणाला न विचारता त्याला रिक्षात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टर हेरंबांकडे नेलं. हा एका प्रोफेसरांच्या घरातला मुलगा, किडकिडीत, आवाज कधी चढवत नाही. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग डोळ्यात एक रंगाचा थेंब टाकला आणि निळा दिवा धरला, तर बुबुळावर हिरवे ओरखडेच ओरखडे.

"काकू, पापणीच्या कडेला बारीक छिद्रं असतात," तो म्हणाला. "तिथून तेल पाझरतं. याच्या त्या छिद्रांतून केस उगवलेत. पापणी उघडली-मिटली की ते बुबुळ खरवडतात. उपटून काय होणार? मुळं तशीच राहतात ने."

त्याने खंड्याला भूल देऊन मुळं गोठवून मारली. पापणी भजीसारखी सुजली. मग सूज उतरली, केस गळून गेले, पापणीची काळी कड पांढुरकी पडली. मला वाटलं, सुटलो. पण तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरने कागदाची एक पट्टी पापणीत अडकवून अश्रू मोजले, पुन्हा तो रंग टाकून घड्याळाकडे पाहत बसला, आणि त्याचा चेहरा काही खुलला नाही.

"केस गेले, पण त्यांच्याबरोबर तेलाची छिद्रंही बरीच गेली," तो म्हणाला. "हे होतं कधीकधी. आता अश्रू डोळ्यावर ठरत नाहीत, लगेच सुकतात. अश्रू मुळातच कमी आहेत त्यात. तुमच्या-माझ्या डोळ्यात कचरा गेला तर पाण्याबरोबर वाहून जातो. याच्या डोळ्यात गेला तर रुतून बसेल. थेंब घालत राहायचे, रात्री मलम. कंटाळा नाही करायचा. बुबुळावरचा पडदा भरून यायला वेळ लागेल, पण येईल."

मी कंटाळा केला नाही. थेंबांच्या वेळेला खंड्या आपण होऊन यायचा, माझ्या मांडीवर हनुवटी ठेवायचा आणि डोळा उघडा धरायचा. माझ्या हातात कोणी एवढ्या भरवशाने तोंड द्यावं, याची मला सवयच नव्हती. डोळ्यावरचा धुरकटपणा हळूहळू ओसरला, उजेडात तो टक्क बघायला लागला. ज्या दिवशी त्याने अंगणातल्या खारीमागे दोन्ही डोळे उघडे ठेवून धाव घेतली, त्या दिवशी मी एकटीने शिरा करून खाल्ला.

आणि मग चंपाषष्ठी आली.

त्या दिवशी आमच्याकडे खंडोबाची तळी भरतात. तांब्याच्या ताम्हनात पानसुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे देवाची पिवळीधमक हळद, ठेवून पुरुष मंडळी ते ताम्हन उचलतात, येळकोटाचा गजर करतात, भंडारा उधळतात. वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य देवाला दाखवला की कुत्र्याला देतात. पण जयवंतरावांच्या घराण्यात आणखी एक आहे. पहिली मूठ कुत्र्याच्या कपाळावर टाकायची, आणि तो भंडारा दिवस मावळेपर्यंत धुवायचा नाही, पुसायचाही नाही. पणजोबांच्या वेळी कोणीतरी धुतला आणि घोडं मेलं, अशी काहीतरी कथा आहे.

मी आधीच डॉक्टरला विचारून ठेवलं होतं. तो दचकलाच. "काकू, चिमूटसुद्धा नको. हळदीचे कण त्या पडद्यात घुसतील. त्याला लांब ठेवा, बस."

सकाळीच मी जयवंतरावांना सांगितलं, "अहो, या वर्षी खंड्याला वरच्या खोलीत ठेवते. नैवेद्य तिथेच देऊ. डॉक्टर नको म्हणालेत."

"देवाचा कुत्रा, आणि देवाच्या दिवशी कोंडून ठेवायचा?"

"एक वर्ष चालतं."

"तो डॉक्टर मला देव शिकवणार?" ते म्हणाले, आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

मी खंड्याला वर नेऊन कडी लावली. खाली मंडळी जमली. सुभानराव, मार्केटातले दोन व्यापारी, करजणच्या बाजूचे एक दूरचे मामा. ताम्हन उचलायच्या वेळी जयवंतराव जिना चढले. मी दारात उभी होते. त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला लोटलं, माझं डोकं चौकटीवर आपटलं. खंड्याला पट्ट्याने ओढत खाली आणलं, तो आपला शेपूट हलवत उतरला. गजर झाला. आणि जयवंतरावांनी पहिली मूठ त्याच्या कपाळावर टाकली. टाकली कसली, मारली. पिवळा ढग उठला आणि खंड्या त्यात दिसेनासा झाला.

मी डोळे धुवायच्या पाण्याची बाटली घेऊन धावले. जयवंतरावांनी माझं मनगट पिळलं, बाटली हिसकली आणि भिंतीवर भिरकावली.

"भंडारा धुवायचा नसतो. किती वर्षं झाली या घरात येऊन?"

"त्याचा डोळा जाईल हो!"

मग चार माणसांसमोर माझ्या कानाखाली आवाज निघाला. मामांनी आपल्या हातातलं खोबरं निरखून पाहिलं. व्यापाऱ्यांना एकदम टेम्पोच्या भाड्याची आठवण झाली. सुभानराव म्हणाले, "वहिनी, जाऊ द्या ने, सणाचा दिवस आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटल्या. हो, लाटल्या. आणि जाळीच्या दाराआड, मागच्या ओट्यावर बांधलेला खंड्या पुढच्या पंजाने डोळा ओरबाडत होता, कठड्यावर तोंड घासत होता, ते पाहत पाहत वाढल्या. दाराला कुलूप होतं आणि किल्ली जयवंतरावांच्या खिशात.

जेवणं उरकली. सुभानराव हात धुताना हसून म्हणाले, "दादा, खंड्याच्या अंगात आलंय बघा." सगळे हसले. जयवंतरावांना फोटो काढायची हुक्की आली. देवाचा कुत्रा, कपाळावर भंडारा. त्यांनी कुलूप काढलं, ओट्यावर गेले आणि खंड्याचा जबडा धरून तोंड उजेडाकडे वळवलं. त्यांचा अंगठा नेमका त्या डोळ्यावर दाबला गेला.

खंड्या चावला. जन्मात पहिल्यांदा चावला, आणि चावला तो नुसता दात लावून नाही. अंगठ्याच्या मुळाशी त्याचे दात आरपार गेले. जयवंतरावांनी हात झटकला तशी कातडी लोंबली. रक्त कठड्यावर, लेंग्यावर, खंड्याच्या पिवळ्या तोंडावर. मग त्यांनी डाव्या हाताने कोपऱ्यातली काठी उचलली. पितळी टोपणाची, पणजोबांची.

पहिला घाव पाठीवर बसला. दुसरा मागच्या पायावर, आणि तो पाय तिथेच लटका पडला. खंड्या बांधलेला होता. पळता येईना म्हणून तो साखळीभोवती गोल फिरला आणि साखळी आखूड होत गेली. तिसरा घाव डोक्यावर, उजव्या बाजूला. काहीतरी फुटल्याचा ओला आवाज झाला. जयवंतराव ओरडत होते, "माझ्यावर उलटतो? माझ्यावर?" ओट्याच्या दारात पुरुष उभे होते, चांगले धडधाकट, भरीत-रोडगा जेवलेले, आणि त्यांतल्या एकाचाही पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

मी मधे गेले. धाडस वगैरे काही नाही, माझ्या डोक्यात तेव्हा विचारच नव्हता. खंड्यावर ओणवी झाले आणि हात वर केला, काठी हातावर बसली. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. त्यांनी पाहिलं की मी आहे. नीट पाहिलं. आणि काठी पुन्हा उचलली.

फोटोसाठी आणलेलं ताम्हन दारातच ठेवलेलं होतं. धडधाकट हाताने मी त्यातला उरलेला सगळा भंडारा मुठीत घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत फेकला. "अहो, घ्या!" असं म्हणत. एवढं सगळं होऊनही मी अहोच म्हटलं. काठी गळून पडली. ते दोन्ही हातांनी डोळे धरून खाली बसले आणि बोंबलायला लागले, "पाणी! पाणी आणा रे!" आणि चारही पुरुष पाण्याला धावले. बादली आली, तांब्या आला, सुभानराव दादांचे डोळे धुवायला लागले. भंडारा धुवायचा नसतो, हे त्या घरात कोणालाच आठवलं नाही.

कांचनबेननी कुंपणावरून सगळं पाहिलं होतं. त्या काही न विचारता आत आल्या, साखळी सोडली, खंड्याला चादरीत घेतलं. त्यांनी गाडी चालवली. मी मागे बसले. खंड्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि तो थेंबांची वेळ झाल्यासारखा डोळा उघडायला बघत होता. उघडण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

डॉक्टर हेरंबने टेबलावर दिवा खाली ओढला आणि पाण्याची धार सोडली. पिवळं पाणी, मग गुलाबी पाणी. त्याने धार बंद केली. मग म्हणाला, "काकू, डोळा काढावा लागेल. आतलं सगळं बाहेर आलंय."

"दुसरा?"

"दुसरा वाचवू. तोही कोरडाच आहे, त्याला जन्मभर जपावं लागेल. तुमचा हात आधी दाखवा."

"आधी तो," मी म्हटलं.

भूल चढत होती तेवढ्यात जयवंतराव सुभानरावांच्या खांद्याला धरून आले. हाताला टॉवेल गुंडाळलेला, डोळे लालबुंद, पण उघडे. गालांवरून घळघळा पाणी वाहत होतं. मारणाऱ्याच्याच डोळ्यांत एवढं पाणी असावं, याचा मला तिथे उभ्या उभ्या इतका राग आला की मी दातओठ खाल्ले.

"डोळा कशाने गेला?" त्यांनी विचारलं. "भंडाऱ्याने तर नाही ना गेला?"

बाकी सगळं सोडून त्यांना तेवढंच जाणून घ्यायचं होतं. देवाच्या हातून पाप झालं नाही ना, एवढंच. हेरंबचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "भंडाऱ्याने जखम झाली, काका. तुमच्या डोळ्यातनं वाहून गेला, त्याच्या डोळ्यातनं जायला अश्रूच नव्हते. मी सांगितलं होतं काकूंना, त्यांनी तुम्हाला सांगितलं. तरी सकाळीच धुतला असता तर वाचला असता. आणि फुटला तो काठीने. आता बाहेर थांबा. तुमच्या हाताला कुत्रा चावलाय, इंजेक्शन घ्यायला मोठ्या दवाखान्यात जा. माझ्याकडे आत्ता वेळ नाही."

माझ्या हाताला मोठ्या दवाखान्यात प्लास्टर बसलं. ती रात्र मी कांचनबेनकडे काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी खंड्याला पाहायला गेले, तर उजवीकडे डोळ्याच्या जागी टाके, मागचा पाय पांढऱ्या पट्टीत. मला पाहून त्याने मान उचलली. मी त्याच्याशेजारी फरशीवर बसले आणि पोट भरून रडले.

तेवढ्यात जयवंतराव आले, एकटे. धुतलेला सदरा, दाढी केलेली, चेहरा उतरलेला. ते येताहेत हे खंड्याला माझ्याआधी कळलं. दारात त्यांची चप्पल वाजली आणि त्याचं पिलू असतानाच कापलेलं आखूड शेपूट फरशीवर थडथड आपटायला लागलं. तो धडपडत उभा राहिला, एक पाय उचलून. मला जिव्हारी लागलं ते. ज्याच्यासाठी हात मोडून घेतला, तो त्यांना पाहून शेपूट हलवतोय.

जयवंतराव गुडघ्यावर बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. मला म्हणाले की खंड्याला, कोण जाणे. "कौशल्या, घरी चल. दोघंही चला. पुन्हा असं होणार नाही, मल्हारीची आण. याच्या दुसऱ्या डोळ्यात थेंब मी घालीन. रोज. मी स्वतः."

ते खरं बोलत होते. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली आहेत, मला कळतं. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तशी त्याने थेंबांची बाटली त्यांच्या हातात दिली. मनात आलं, बघू तर खरं. माझं अर्धं मन घरी पोचलंसुद्धा होतं.

त्यांनी बाटली धरली आणि हात खंड्याच्या तोंडापर्यंत वर नेला. हळूच नेला, अगदी मायेने. खंड्याचं शेपूट हलतच होतं. पण तो पोटावर सपाट झाला, राहिलेला डोळा घट्ट मिटून घेतला, आणि त्याच्या खालून फरशीवर मूत पसरायला लागलं. शेपूट त्या मुतात आपटत राहिलं. थांबेचना.

"अरे, घाबरतोस काय? मी आहे," जयवंतराव म्हणाले.

ते होते म्हणूनच. मला माझं अख्खं लग्न त्या फरशीवर दिसलं. संध्याकाळी त्यांची चप्पल वाजली की मी हसत दार उघडायची, चहा टाकायची, आणि त्यांचा चेहरा पाहून किती लांब उभं राहायचं ते ठरवायची. लोक म्हणायचे, कौशल्या सुखात आहे, तोंडावर कायम हसू असतं. मलाही तसंच वाटायचं. खंड्याला तर वाटतच होतं. तो मुका जीव, त्याला याच्यापुढे जाता येत नाही. मला येतं.

मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली.

"मी करजणला भावाकडे जातेय," मी म्हटलं. "खंड्याला घेऊन."

"किती दिवस?"

"ते मी सांगणार नाही. कारण येणार नाही."

"कौशल्या, लोक काय म्हणतील?"

"तुमचा हात सुटला म्हणतील. नेहमी म्हणतात."

त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं, तो कापूस निवडत राहिला. मी प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने बाटली धरली. सवय नव्हती, पहिला थेंब खंड्याच्या नाकावर पडला. त्याने नाक चाटलं. मी थांबले. थोड्या वेळाने त्याने हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि तो एक डोळा उघडला. दुसरा थेंब नीट पडला.

जयवंतराव त्या ओल्या फरशीवर उठून उभे राहिले होते, उजेड अडवून. मी त्यांना बाजूला व्हा म्हणून सांगितलं, आणि ते झाले.